सेंट ऑरेलचा सुतार

आत्माराम टिकमांच्या वाट्याला समुद्राखालची आता एकच सुट्टी उरली होती, आणि ती कॅरिबियनमधल्या कुठल्या बेटावर घालवायची हे ठरवायला आठ दिवस उरले होते. कुडाळच्या डॉक्टरांनी अडुसष्टाव्या वर्षी त्यांचं हृदय उलटंसुलटं तपासून शेवटचा दाखला दिला होता. एक दौरा, सहा बुड्या, बारा मीटरच्या खाली जायचं नाही, आणि मार्च संपला की टाकी पाठीवर चढवायची नाही.

हेमांगी, त्यांची एकुलती एक मुलगी, कोल्हापुरात कान तपासण्याचा दवाखाना चालवायची. आठवड्याची रजा टाकून ती मालवणात येऊन बसली होती. २०४१ साली प्रवाळ बघायला जायचं म्हणजे आधी त्या बेटाकडे अर्ज करावा लागे. माणशी वर्षाला एकच अर्ज, आणि एकदा पाठवला की बेट बदलता येत नसे. एका निवडीवर सगळं अवलंबून होतं, आणि निवडणारा माणूस घावणे खात खिडकीबाहेर बघत बसला होता.

तीस वर्षं आत्मारामांनी दांडीच्या किनाऱ्यावरून पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेलं. घाबरलेल्या मुंबईकरांचा हात धरून त्यांना कावळ्याचा खडक दाखवला. त्या खडकाला प्रवाळ होतं, रंगीबेरंगी मासे होते, आणि आत्मारामांना दुसरा समुद्र बघायची कधी गरजच वाटली नव्हती. मग तेहतीसच्या उन्हाळ्यात पाणी सात आठवडे तापलेलं राहिलं. खडक आधी पांढराफटक पडला, नंतर शेवाळाने हिरवा झाला. त्यानंतर ते खाली गेले नाहीत. बापाने जाता जाता एकदा तरी जिवंत प्रवाळ बघावं, एवढीच हेमांगीची इच्छा होती.

"बोनेर घ्या," ती तिसऱ्यांदा म्हणाली. "पाणी शांत हा, किनाऱ्यावरनाच उतरूक गावता, ब्याण्णव गुण हत."

"वर होडयेत कोण?"

"मी आसंय मा."

"तुका बोट लागता," आत्माराम म्हणाले, आणि पुढचा घावणा घेतला.

हा त्यांचा जुना नियम होता. पाण्याखाली जोडीदार कोणय चलात, वर होडयेत माणूस आपलो व्हयो. सव्वीस वर्षं तो आपला माणूस म्हणजे त्यांचे थोरले भाऊ भिकाजी होते. तीस साली भिकाजींनी पर्यटकांसाठी मोठी बोट घेतली, आणि एका गर्दीच्या दिवशी तिचा नांगर कावळ्याच्या खडकावर पडला. माडीएवढं प्रवाळ तुटलं. त्या संध्याकाळी दोघा भावांत जे बोलणं झालं ते शेवटचं. पुढे तीनच वर्षांत उन्हाने सगळाच खडक मेला, म्हणजे नांगर पडला नसता तरी तो मेलाच असता. हे दोघांनाही कळत होतं, पण ते आधी कुणी म्हणायचं यावर आठ वर्षं अडली होती.

बेटं निवडायला हेमांगीकडे 'कानोसा' नावाचं यंत्र होतं. बेटांच्या फोटोंवर तोवर कुणाचाही विश्वास राहिला नव्हता, कारण मेलेल्या खडकाचं रंगीत चित्र कुठलंही यंत्र चहा उकळेपर्यंत काढून देई. आवाज मात्र समुद्रातून थेट येत होता. प्रत्येक बेटाजवळ पाण्यात एक मायक्रोफोन टांगलेला असे, आणि त्याने ऐकलेलं कानोसा अख्ख्या जगाला ऐकवी.

जिवंत प्रवाळ गप्प नसतं, ही त्यातली मुख्य गोष्ट. कपारींत बोटाच्या पेराएवढी कोळंबी असते. ती आपली नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो. अशा लाखो कोळंब्या एकदम वाजू लागल्या की फोडणीत मोहरी तडतडल्यासारखा आवाज दिवसरात्र चालू राहतो. त्यात मासे घुमतात, कुरकुरतात, दात घासतात. खडक मेला की हे सगळं हळूहळू थांबतं. यंत्र त्या गजबजाटाला शंभरपैकी गुण देतं आणि कुठला आवाज कुठल्या जीवाचा ते सांगतं. आत्मारामांना याचं फारसं नवल वाटलं नाही. टिकमांच्या घरात वल्ह्याचं एक टोक पाण्यात सोडून दुसरं कानामागच्या हाडाला लावायची आणि मासळी ऐकायची रीत होती. कानाचे पडदे दगा देतात, हाड देत नाही, हे त्यांच्या आजोबांनाही ठाऊक होतं.

आता त्यांचे पडदे खरंच अधू झाले होते. म्हणून हेमांगीने त्यांच्यासाठी कानामागे बसणारा, हाडातून ऐकवणारा पट्टा स्वतः जुळवून आणला होता. तो लावून ती एकेक बेट ऐकवू लागली.

"बोनेर बरा हा," आत्माराम म्हणाले. "भरल्या बाजारासारखा वाजता."

"आणि हा साबा."

"हय वारोच जास्त आयकाक येता."

तिसरं सेंट ऑरेल. टिकलीएवढं बेट, अठ्ठ्याऐंशी गुण, आणि त्याखाली एक मजेशीर टीप. इथे पहाटे एक अज्ञात मासा तीनदा ठोकल्यासारखा आवाज काढतो, जगात दुसरीकडे त्याची नोंद नाही, बेटावरचे लोक त्याला 'सुतार' म्हणतात. चार वर्षं लोक त्याला शोधायला बुड्या मारत होते आणि अजून तो कुणाला दिसला नव्हता.

"सुतार?" आत्मारामांनी हात पुसले. "करवत घेवन फिरता काय तो? लाव बघूया."

हेमांगीने पहाटेचा तुकडा लावला. आत्माराम डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांची पाठ ताठ झाली.

"परत लाव."

तिने परत लावला. त्यांनी आणखी एकदा लावायला सांगितलं. मग पट्टा काढून तो जपून टेबलावर ठेवला.

"ह्यो मासो नाय गो."

"मगे काय हा?"

"भिकू."

अकरा वर्षांनी ते नाव त्या घरात उच्चारलं गेलं होतं, आणि तेही कॅरिबियनमधल्या माशाबद्दल बोलताना. तिच्या धंद्यात असली माणसं तिने पाहिली होती. ऐकू येईनासं झालं की मेंदू मोकळी जागा ओळखीच्या आवाजांनी भरतो. पंख्याच्या घरघरीत कुणाला गेलेली बायको हाक मारते. आपल्या बापाची पाळी इतक्या लवकर यावी याचं तिला वाईट वाटलं.

"दोन ठोके, मगे थांबता, मगे एक," आत्माराम म्हणाले. "इंजिनां बंद करा, माझो माणूस खाली हा. ह्यां टिकमांचा ठोकणा. तिसरो उशिरा पडता तो भिकूचो हात. दुसऱ्या कोणाचो नाय."

त्याच संध्याकाळी भाजी आणायला जाते असं सांगून हेमांगी देवबागला काकांकडे गेली. जायच्या आधी तिने सुताराच्या ठोक्यांमधलं अंतर मोजलं होतं. पहिल्या आणि दुसऱ्यात जेमतेम अर्धा सेकंद, दुसऱ्या आणि तिसऱ्यात पावणेदोन. समजूत काढायची तर हातात पुरावा हवा.

भिकाजीकाका उलट्या घातलेल्या होडीला तेल लावत होते. वय बहात्तर, उजव्या हाताची दोन बोटं चोवीस साली दोराच्या चरकात गेलेली. पुतणी दिसल्यावर त्यांनी कुंचला खाली ठेवला, पण चेहरा कोराच ठेवला.

"तेणां धाडलान काय तुका?"

"नाय. मीच इलंय. काका, बाबा खाली जायत तेवा तुमी होडयेवर कसे ठोकायचात?"

"कसे म्हंजे? असो." त्यांनी बाजूचं वल्हं उचललं आणि होडीच्या काठावर मारलं. दोन ठोके. मग वल्हं या हातातून त्या हातात घेतलं आणि तिसरा मारला.

"हात कित्याक बदललात?"

"तीन बोटांत वल्हां रवता किती वेळ? दोन झाले की निसटूक लागता. तिसरो डाव्यान."

हेमांगीच्या खिशातला फोन ऐकत होता. तिने आकडे बघितले. जेमतेम अर्धा सेकंद, आणि मग पावणेदोन. बापाला भास होत नव्हता, या आनंदापेक्षाही तिला कुतूहलाने जास्त घेरलं. देवबागच्या म्हाताऱ्याचं वल्हं अर्ध्या जगापलीकडे, पाण्याच्या तळाशी कसं काय वाजत होतं?

तिने काकांना सुतार ऐकवला. काकांनी वल्हं होडीला टेकवून ठेवलं.

"सत्तावीस साली एक बाय इली होती," ते म्हणाले. "कावळ्याच्या खडकाचो आवाज भरून नेवक. तुझो बापूस खाली तेचा यंत्र धरून बसललो. बाय म्हणाली, आता कोणी आवाज करूचो नाय. आता शांत रवाचा तर आधी ठोकूक नको? बाजूक चार होड्यो होत्यो, तेंका कळतला कसा? मी ठोकलंय. बाय जी चिडली माझ्यार."

"मगे?"

"मगे काय. ठोकून झालेला, आता ठोके काय परत घेवक गावतत? ती तसाच घेवन गेली." काकांनी पुन्हा कुंचला उचलला. "बरो हा काय तो?"

"कोण?"

"कोण काय इचारतंस," काका म्हणाले, आणि होडीच्या तळाला जरा जास्तच तेल लागलं.

हेमांगीने घरी येऊन बापाला सगळं सांगितलं. भाजी विसरली होती, तेही सांगितलं. रात्रीच पत्र पाठवून दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांनी सेंट ऑरेलच्या प्रवाळ केंद्रात फोन लावला. पडद्यावर इनेस बाप्टिस्ट आली, पन्नाशीची, केस ओले, मागे टाक्यांची रांग. दुभाष्या यंत्राने तिला मराठी बोलायला लावलं, पण ते मराठी थेट सरकारी पत्रातलं होतं.

"आपले पत्र वाचून मी अत्यंत उत्कंठित झाले आहे," इनेस म्हणाली. "आपण सुतार मत्स्याची ओळख पटवली, असे कळते."

"तो मासो नाय," आत्माराम म्हणाले. "देवबागाक रवता. माझो मोठो भाव. माझ्याशी बोलणा नाय."

हे भाषांतर व्हायला यंत्राला जरा वेळ लागला. मग इनेस इतकी हसली की पडद्याबाहेर गेली. परत आली तेव्हा डोळे पुसत होती, आणि मग तिने खरी हकिगत सांगितली.

त्यांचा खडक आधी उन्हाने आणि मग वादळाने गेला होता. प्रवाळाची आणि माशांची पिल्लं तिळाएवढी असतात आणि दर्यात वाहत असतात. कुठे घर करायचं ते ती आवाजावरून ठरवतात. जिथे तडतड ऐकू येते तिथे वस्ती आहे, तिकडे वळायचं. गप्प खडकाकडे कुणी फिरकत नाही, म्हणून तो गप्पच राहतो. इनेसने पाण्यात भोंगे लावून जिवंत खडकाचा आवाज वाजवायचं ठरवलं. पण त्यांचा खडक जिवंत असताना त्याचा आवाज कुणी भरूनच ठेवला नव्हता. मग जगाच्या सामायिक संग्रहातले नऊ आवाज लावून पाहिले. त्यातल्या एकालाच पिल्लांनी खरी दाद दिली. त्यावर गावाचं नाव नव्हतं, नुसता क्रमांक आणि 'हिंदी महासागर'.

"पाच वर्षांपूर्वी येथे काही नव्हते. आज एक तृतीयांश खडक सजीव आहे," इनेस म्हणाली. "आम्ही भोंग्यांविषयी कानोसाला कळविले होते. परंतु ते यंत्र केवळ ऐकते, वाचत नाही."

"आणि ठोके?" हेमांगीने विचारलं.

"ध्वनिफीत रोज पहाटे सुरू होते आणि ते तीन ठोके अगदी आरंभी आहेत. फीत आरंभापासून ऐकण्याची तसदी कोणी घेतली नव्हती; आम्हाला वाटे, एखादा मासा भोंग्याजवळ राहावयास आला आहे. येथील लहान मासे त्याच फितीवर वाढले आहेत. ठोके पडताच ते कपारींतून बाहेर येतात. महोदय, आमच्या माशांची सकाळ आपल्या बंधूंमुळे होते."

आत्मारामांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

इनेसने पुढचंही सांगून टाकलं. आता खरं कळल्यावर ते कानोसाला कळवणं भाग होतं. माणसाचा आवाज म्हणून ठोके फितीतून काढावे लागणार होते, भोंग्याचा आवाज गुणांतून वजा होणार होता. सेंट ऑरेल अठ्ठ्याऐंशीवरून एक्केचाळीसवर येणार होतं.

फोन बंद झाल्यावर हेमांगीने बोनेरचा अर्ज उघडला. तिच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता.

"तो नको," आत्माराम म्हणाले. "सेंट ऑरेल लिही."

"बाबा, तुमका एकच संधी हा." तिचा आवाज चढला, कारण तिला खरोखर भीती वाटत होती. "सहा बुड्यो, मगे कायम बंद. आणि तुमी अर्धो मेललो खडक बघूक जातलात? भोंगो आयकूक?"

"मेललो खडक मी बघलंय," ते शांतपणे म्हणाले. "बरो झाललो खय बघलंय? कावळ्याचो खडक गेलो, पण तेचो आवाज आयकान थय पोरां घराक इली. तां माका बघूचा हा. ब्याण्णव गुण कोणाकय आवडतले."

हेमांगीने बोनेरचं नाव खोडलं. मग तिने बेटाच्या नावापुढे सेंट ऑरेल लिहिलं. माणसं किती, या रकान्यात दोनचा आकडा टाकला.

"तीन," आत्माराम म्हणाले.

तिने वर पाहिलं.

"बोलूचा नाय हा तेच्याशी. पण होडयेत तोच व्हयो."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तीन विमानं आणि एक बोट करून टिकम मंडळी सेंट ऑरेलला पोचली. वाटेत दोघे भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, सगळं टपाल हेमांगीने वाहिलं. तेका सांग, पट्टो बांध. तेका सांग, माका दिसता. दुभाष्या यंत्राचं काम किती अवघड असतं ते तिला कळून चुकलं. बेटावर वल्ह्याची होडी नव्हती. काका त्यावर इतके रुसले की इनेसने कुणाच्या तरी अंगणातून एक जुनं लाकडी वल्हं पैदा केलं.

पाच बुड्या छान झाल्या. आत्माराम वर येऊन हातांनी दाखवायचे, केवढं प्रवाळ, कसले निळे मासे. सांगायचे मात्र हेमांगीला. इनेसला एक काळजी होती. ठोके काढून तीन आठवडे झाले होते, आणि लहान मासे आता पहाटे एकदम बाहेर येत नव्हते. उन्हं चढेपर्यंत कपारींत बसून राहत होते.

सहावी बुडी पहाटेची होती. इनेस जोडीला उतरली आणि पाठोपाठ आत्माराम. नांगर न टाकता होडी तरंगत्या बोयाला बांधलेली होती. हेमांगीला बोट लागली होती, तरी ती काठ धरून पाण्यातले बुडबुडे बघत होती. खाली भोंगा सुरू व्हायची वेळ झाली. तो सुरू झाला असावा, वरून काहीच कळत नव्हतं.

काकांनी वल्हं उचललं आणि होडीच्या काठावर मारलं. दोन ठोके. हात बदलला. तिसरा.

मग त्यांनी वल्ह्याचं पातं पाण्यात सोडलं आणि दांडा हेमांगीच्या कानामागे टेकवला. तडतड तिच्या डोक्यात भरून गेली, डावीकडून की उजवीकडून ते कळेना. पाण्यात आवाजाची दिशा लागत नाही, तो सगळीकडून येतो, हे ती लोकांना शिकवत आली होती. आता तिने ते पहिल्यांदाच ऐकलं. खालचे बुडबुडे एका जागी थांबले होते, आणि त्यांच्याभोवती पाण्यात निळी चकाकी हलू लागली होती. एक, दहा, मग मोजता येईनात. मासे बाहेर येत होते.

तेवढ्यात दांड्यातून दुसरं काही आलं. धातूवर धातू. कुणीतरी टाकीवर मारत होतं. दोन ठोके. मग काहीच नाही. बरोबर तेवढंच थांबून, हात बदलायला लागतो तेवढंच, तिसरा ठोका आला. खाली असलेल्या माणसाची दहाही बोटं शाबूत होती.

"काका, तुमका उत्तर इला," ती म्हणाली आणि दांडा त्यांच्याकडे दिला.

खालून पुन्हा तेच आलं असावं. काका दांडा हाडाला लावून, मान खाली घालून बसले होते.

"काय म्हणता तो?" हेमांगीने विचारलं.

"काय नाय गो." काकांनी तीन बोटांच्या हाताने तोंड पुसलं. "नांगर बघून टाक म्हणता."